निवडीएवढी चौकट



आजच्या भाषणाचा विषय ऐकून आपणांपैकीं कांहीं जणांस किंचित् हंसूं येईल, हें मी जाणून आहें. राज्यें कशीं बुडालीं, किल्ले कसे पडले, तह कसे झाले, हें मुलांना सांगण्यांत माझें आयुष्य गेलें. आणि आज मी इतिहास सांगावयास बसलों आहें तो एका बोटभर लांबीच्या चौकटीचा. संगणकावर किंवा हातांतील फोनवर आपण एखादा अर्ज भरूं लागलों कीं, 'जिल्हा' या शब्दापुढें एक लहानशी चौकट दिसते. तिच्या टोकाशीं खालीं तोंड केलेला एक बाण असतो. तेथें स्पर्श केला कीं जिल्ह्यांची यादी खालीं उलगडते, आपण आपला जिल्हा निवडतों, आणि यादी पुनः मिटून जाते. इंग्रजींत हिला ड्रॉपडाउन म्हणतात. मी या भाषणापुरतें तिला उघडती यादी म्हणेन. ही यादी मिटल्यावर जी चौकट उरते, तिची रुंदी किती असावी, एवढाच आजचा प्रश्न आहे.

आपल्या महाराष्ट्रांत ३६ जिल्हे आहेत. समजा, आपण बीड हा जिल्हा निवडला. दोन अक्षरांचें नांव. परंतु चौकट दोन अक्षरांची होत नाहीं. ती होते यादींतील सर्वांत लांब नांवाएवढी. बीडच्या उजवीकडे मग मोकळें मैदान पडतें आणि त्या मैदानाच्या पलीकडे तो बाण एकटाच उभा असतो. २०२३ सालीं औरंगाबादचें नांव छत्रपती संभाजीनगर असें झालें. तें नवें नांव ज्या ज्या यादींत चढलें, त्या त्या यादींत बीडकराची चौकटही, त्याचें स्वतःचें कांहींएक न बदलतां, आणखी रुंद झाली. शेजाऱ्याच्या नांवावरून आपल्या घराची लांबी ठरावी, असा हा प्रकार आहे.

शाळेंतील हजेरीपट ज्यांनीं आंखला आहे त्यांना या प्रकाराची ओळख आहे. नांवाचा रकाना आंखतांना वर्गांतील सर्वांत लांब नांवाचा मुलगा आधीं शोधावा लागतो. त्याचें नांव मावलें कीं बाकीच्या सर्वांचीं मावतात. तेथें हें योग्यच आहे, कारण हजेरीपटांत सर्व नांवें एकाच वेळीं, एकाखालीं एक, डोळ्यांपुढें असतात. उघडती यादी उघडी असतांनाही हाच न्याय लागू पडतो. पण यादी मिटली कीं डोळ्यांपुढें एकच नांव राहतें. आणि तरीही रुंदी राहते ती सर्वांची. हें असें कां झालें, हें समजण्यासाठीं आपणांस छापखान्यापर्यंत मागें जावें लागेल. शब्दानें चौकटींत मावावें कीं चौकटीनें शब्दाएवढें व्हावें, हा वाद संगणकाच्या पुष्कळ आधींचा आहे.

शिशाचे खिळे हातानें ओतीत त्या काळीं त्यासाठीं जो सांचा वापरीत, तो दोन भागांचा असे, आणि ते भाग एकमेकांवर सरकत. अक्षराची उंची कायम राही. रुंदी मात्र, ज्या तांब्याच्या ठशावर अक्षराचा खोलगट आकार उमटविलेला असे त्या ठशाप्रमाणें, कमीअधिक करतां येई. इंग्रजीं 'आय' ओतावयाचा असला कीं सांचा आवळावयाचा. 'एम' ओतावयाचा असला कीं सैल सोडावयाचा. लंडनच्या जोसेफ मॉक्सन यानें १६८३-८४ सालीं प्रसिद्ध केलेल्या मुद्रणविषयक ग्रंथांत खिळे ओतण्याचें हें काम सविस्तर वर्णिलें आहे. आपल्याकडे जावजी दादाजी यांनीं १८६९ सालीं मुंबईंत निर्णयसागर छापखाना काढला आणि त्याच्या देवनागरी खिळ्यांची कीर्ति देशभर झाली. त्या अक्षरांचें सौंदर्य ज्या कांहीं गोष्टींवर अवलंबून होतें, त्यांत ही एक होती कीं, 'र'ला 'र'पुरती जागा आणि 'क्ष'ला 'क्ष'पुरती. छापलेला शब्द आपल्या अंगाइतकी जागा घेऊन बसे. त्यांत कांहीं विशेष आहे असें कोणास वाटतही नसे.

हा क्रम मोडला तो यंत्रानें. १८७४ सालीं अमेरिकेंत शोल्स आणि ग्लिडन यांचें टंकयंत्र रेमिंग्टनच्या कारखान्यानें बाजारांत आणलें. कळ दाबली कीं कागदाचा गाडा एक घर सरके. अक्षर कोणतेंही असो, घर तेवढेंच. बारीक 'आय' आपल्या घरांत एकटा राही, आणि जाडा 'एम' अंग चोरून बसे. पुढें १८९० सालच्या अमेरिकेंतील खानेसुमारीसाठीं हर्मन हॉलरिथ यानें छिद्रें पाडलेल्या पत्रांवरून गणती करणारीं यंत्रें वापरलीं. आणि १९२८ सालीं आयबीएम कंपनीनें त्या जातीच्या पत्रावर ८० रकाने बसविले. एका रकान्यांत एकच अक्षर. समजा, नांवासाठीं २० रकाने नेमून दिले, तर ज्याचें नांव २१ अक्षरांचें त्याचें शेवटचें अक्षर गळालें. तक्रार कोणाकडे करावयाची? जागा वांचविण्यासाठीं सालाचे चार आंकडे न लिहितां दोनच लिहिण्याची संवय याच काटकसरींतून वाढली, आणि २००० साल उजाडण्यापूर्वीं तिनें जगभरच्या पेढ्यांची व कचेऱ्यांची झोंप उडविली, हें आपणांपैकीं पुष्कळांना आठवत असेल.

संगणकाला पडदा आला तेव्हां पडद्यावरही हींच घरें आलीं. आयबीएमचीं १९७१ सालापासूनचीं टर्मिनलें प्रसिद्ध आहेत. त्यांच्या पडद्यावर ८० स्तंभ आणि २४ ओळी हें माप रूढ झालें, म्हणजे छिद्रांच्या पत्राचे ते ८० रकानेच कांचेवर उमटले. अर्जांतील प्रत्येक जागा तेथें आधीं मोजून ठेवलेली असे. माणसानें येऊन ती भरावयाची.

तथापि त्याच दशकांत दुसरीकडे निराळें वारें वाहूं लागलें होतें. कॅलिफोर्नियांतील पालो आल्टो येथें झेरॉक्स कंपनीच्या संशोधनशाळेंत १९७३ सालीं आल्टो नांवाचा संगणक तयार झाला. त्याचा पडदा घरांचा नव्हता, बिंदूंचा होता. बिंदू कोठेंही लावतां येतो. त्यामुळें अक्षराला पुनः स्वतःची रुंदी मिळाली. शिशाच्या सांच्यांत जें चारशें-पांचशें वर्षें चाललें होतें, तें टंकयंत्रानें घालविलें आणि बिंदूंच्या पडद्यानें परत आणलें.

याच परंपरेंतून ॲपल कंपनीचे दोन संगणक निघाले: जानेवारी १९८३ मध्यें लिसा आणि जानेवारी १९८४ मध्यें मॅकिंटॉश. पडद्याच्या माथ्यावर शब्दांची एक पट्टी, आणि त्यांतील शब्द दाबला कीं त्याखालीं उलगडणारी यादी, ही रचना लिसासाठीं बिल ॲटकिन्सन यानें घडविली. हा कल्पक गृहस्थ २०२५ च्या जूनमध्यें वारला. त्या पट्टीकडे नीट पाहिलें तर एक मौजेची गोष्ट ध्यानांत येते. माथ्यावरील प्रत्येक शब्द स्वतःच्या मापाचा आहे. त्याच्याखालीं उलगडणारी यादी मात्र तिच्यांतील सर्वांत लांब ओळीच्या मापाची. म्हणजे मिटलेल्याचें माप निराळें आणि उघडलेल्याचें निराळें, हें तेथें बरोबर साधलें होतें. शब्दाची लांबी बिंदूंत मोजून देणारी सोयही त्या संगणकाच्या चित्रण-व्यवस्थेंत होती.

मग अर्जांतील उघडत्या यादीलाच तेवढा निराळा नियम कां लागला? माझा तर्क असा आहे. माथ्यावरील पट्टींत शब्द कधीं बदलत नाहीं. तो यादीचें केवळ नांव आहे. अर्जांतील चौकटींत मात्र निवडीबरोबर शब्द बदलतो. प्रत्येक बदलाला चौकट लहानमोठी करावी, तर तिच्या शेजारीं जें जें मांडलेलें असेल तें सर्व हलवावें लागणार. त्या काळच्या कारागिरांना हें नको होतें. खिडकींतील प्रत्येक वस्तूची जागा त्यांनीं आधीं आंखून दिलेली असे. विंडोजमध्यें तर चौकटीची रुंदी कार्यक्रम लिहिणारा आधींच आंकड्यांत सांगून ठेवी, आणि आंतील शब्द त्याहून लांब निघाला तर तो तुटे. या तुटण्यापेक्षां सर्वांत लांब शब्दाचें माप एकदांच घ्यावें आणि तेंच कायम ठेवावें, हें शहाणपणाचें होतें. शब्द तुटत नाहीं, शेजारी हलत नाहींत, पुनः मोजावें लागत नाहीं. मोकळी जागा दिसते खरी; पण मोकळ्या जागेनें कोणाचें नुकसान झाल्याचें ऐकिवांत नव्हतें.

वेबवरील पानांत ही यादी शिरली १९९३ च्या सुमारास. इलिनॉय विद्यापीठांत मार्क अँड्रीसन आणि एरिक बिना यांनीं मोझेक हा ब्राउझर त्या वर्षीं पुढें आणला, आणि त्याच्या युनिक्सवरील आवृत्तींत लवकरच अर्ज भरण्याची सोय झाली. त्यांतील उघडती यादी मोझेकनें स्वतः नव्यानें रचली नव्हती. मोटिफ नांवाच्या तयार साहित्यांतील यादी त्यानें उचलून तेथें बसविली. नोव्हेंबर १९९५ मध्यें टिम बर्नर्स-ली आणि डॅन कॉनोली यांच्या संपादनाखालीं एचटीएमएलची दुसरी आवृत्ति आरएफसी १८६६ या क्रमांकानें प्रसिद्ध झाली, तींत 'सिलेक्ट' आणि 'ऑप्शन' या दोन खुणा रीतसर नोंदविल्या आहेत. यादींत काय काय असावें हें त्या खुणा सांगतात. चौकट किती रुंद असावी हें ठरविणें ब्राउझरकडे राहिलें, आणि ब्राउझरांनीं जुनाच पाठ गिरविला: सर्वांत लांब नांवाचें माप.

पण येथें जमीन बदलली होती. खिडकींतील वस्तू खिळ्यांनीं ठोकलेल्या असत; वेबवरील पान पाण्यासारखें वाहतें. पडदा अरुंद झाला कीं ओळी मोडतात, शब्द खालीं उतरतात. तशांत लोक वाक्यासारखे अर्ज मांडूं लागले. 'मला पुणें येथून नागपूर येथें जावयाचें आहे', यांतील दोन्ही गांवांच्या जागीं दोन चौकटी. आतां यादींत कोठेंतरी छत्रपती संभाजीनगर आहे म्हणून 'पुणें' आणि 'येथून' यांच्यामध्यें चार बोटें अंतर पडलें, तर तें वाक्य राहतच नाहीं. तें दांत पडलेलें तोंड होतें. आणि फोनच्या पडद्यावर तर सर्वांत लांब नांव पडद्याच्याही बाहेर जातें. मग तें बाहेर जाऊं नये म्हणून कारागीर चौकटीला एक पक्की रुंदी ठोकून देतो, आणि ज्या रोगासाठीं लांब नांवाचें माप घेण्याचा उपाय काढला होता तोच रोग परत येतो. शब्द तुटतो.

या तुटण्याचा एक अनुभव माझ्या पदरीं आहे. निवृत्तिवेतन चालू राहावें म्हणून दरसाल आपण जिवंत असल्याचें कळवावें लागतें. एका कचेरीच्या अर्जांत मीं तें फोनवरून कळविलें. 'अर्जदार कोण?' या प्रश्नाच्या यादींत 'निवृत्तिवेतनधारक स्वतः' आणि 'निवृत्तिवेतनधारकाचे वारस' अशा दोन ओळी एकाखालीं एक होत्या. बोट एका ओळीनें चुकलें. यादी मिटल्यावर चौकटींत दिसलें तें 'निवृत्तिवेतन' एवढेंच. पुढचें सर्व तुटलेलें. पहिली ओळ निवडली असती तरी तेवढेंच दिसलें असतें. मीं समाधानानें अर्ज पाठविला. दोन महिने वेतन आलें नाहीं, आणि चौकशीला गेलों तेव्हां माझ्याच मृत्यूचा दाखला माझ्याकडे मागण्यांत आला. समोरच्या तरुण कारकुनाला मीं दोष देत नाहीं. त्याच्या पडद्यावर जें आलें तें तो वाचीत होता. त्या अर्जाचें इंग्रजीं पानही मीं पुढें मुद्दाम पाहिलें. इंग्रजीं शब्द त्या चौकटींत नीट मावत होते. चौकटीचें माप त्यांच्यावरून घेतलेलें होतें, आणि मराठी शब्द मागाहून आणून आंत कोंबले होते.

चौकट निवडीएवढी करण्याच्या खटपटी मग कारागिरांनीं आपापल्या परीनें केल्या. १९९५ सालीं ब्रेंडन आइक यानें नेटस्केप कंपनींत मे महिन्याच्या १० दिवसांत जावास्क्रिप्ट भाषेचा पहिला नमुना तयार केला होता. या खटपटींतील हत्यार तीच. युक्ति शिंप्याच्या कामासारखी आहे. माणसानें यादींतून नांव निवडलें कीं, पानावर कोणाला न दिसेल अशी एक दुसरी यादी गुपचूप तयार करावयाची. तिच्यांत तें एकच नांव घालावयाचें. ओळ एकच असल्यानें तिचें सर्वांत लांब नांव तेंच, म्हणून ब्राउझर तिला बरोबर तेवढीच रुंदी देतो. ती रुंदी मोजून खऱ्या चौकटीला द्यावयाची, आणि ती लपविलेली यादी पुसून टाकावयाची. नियम न मोडतां नियमाकडूनच हवें तें काढून घेण्याची ही तऱ्हा मला फार आवडली. एखाद्या मुत्सद्द्यास शोभावी अशी आहे. पण तींत कसूर राहून जाते. अक्षरांचा सुंदर ठसा दूरवरून येत असतो. तो येण्यापूर्वींच माप घेतलें तर अंगरखा तंग होतो. दोन्ही याद्यांचीं अक्षरें एका आकाराचीं नसलीं तरी तेंच. आणि पान उघडल्याबरोबर, अजून कोणीं कांहीं निवडलें नसतां, पहिलें माप घ्यावयास पुष्कळ जण विसरतात.

यापेक्षां सोपी म्हणून दुसरी एक रीत निघाली: नांवांतील अक्षरें मोजावींत आणि शून्य या आंकड्याच्या रुंदीनें गुणावें. इंग्रजींत ती कशीबशी चालते. मराठींत ती साफ फसते, आणि कां फसते हें आपणांस ठाऊक असावें. १९९१ पासून युनिकोड म्हणून अक्षरांची जी जागतिक सूची आहे, तींत देवनागरी पहिल्या आवृत्तीपासून आहे. परंतु तेथें जोडाक्षर हें एक अक्षर नव्हे. 'स्त्री' या शब्दांत स, हलन्त, त, हलन्त, र आणि दीर्घ वेलांटी अशा ६ खुणा मोजल्या जातात. 'कमळ' या शब्दांत ३. मोजणीप्रमाणें 'स्त्री' 'कमळा'च्या दुप्पट रुंद व्हावयास पाहिजे. आपण दोन्ही शब्द कागदावर लिहून पाहा; 'कमळ' अधिक जागा घेतें. देवनागरी शब्द मोजून कळत नाहीं, तो मापूनच पाहावा लागतो. टंकयंत्राचीं तीं सारखीं घरें येथें गणिताचा वेष घेऊन पुनः आलीं होतीं, एवढेंच.

अखेर ही सोय नियमांतच आली. पानाच्या रूपासंबंधीं जी सीएसएस नांवाची नियमावली आहे, तिची कल्पना हॉकॉन व्हियुम ली यानें ऑक्टोबर १९९४ मध्यें मांडली आणि पहिली आवृत्ति डिसेंबर १९९६ मध्यें मान्य झाली. रंग, अक्षर, समास यांवर तिची सत्ता लवकर चालूं लागली. पण अर्जांतील चौकटी पुष्कळ वर्षें तिच्या अमलाबाहेरच राहिल्या, जशीं मोठ्या राज्यांत कांहीं संस्थानें असावींत तशीं. त्यांचें रूप संगणकाच्या मूळ व्यवस्थेनें ठरवावयाचें, पानानें नव्हे. हें अंतर हळूहळू कमी होत गेलें, आणि मार्च २०२४ मध्यें क्रोम ब्राउझराच्या १२३ व्या आवृत्तींत 'फील्ड-सायझिंग' हा नवा नियम आला. त्याचीं मूल्यें दोन. एक 'फिक्स्ड', म्हणजे पूर्वींचेंच. कोणीं कांहीं न सांगितल्यास हेंच चालू. दुसरें 'कंटेंट': हें लिहिलें कीं चौकट निवडलेल्या नांवाएवढी होते, आणि निवड बदलली कीं आपोआप सैल होते किंवा आवळते. लपविलेली यादी नको, मोजमाप नको, जावास्क्रिप्ट नको. फार अरुंद होऊं नये म्हणून कमींत कमी रुंदी आणि पडद्याबाहेर जाऊं नये म्हणून जास्तींत जास्त रुंदी जोडीला सांगून ठेवतां येते. जुन्या खिळ्यांच्या सांच्याचे दोन भाग सरकत, त्याची मला येथें आठवण झाली.

म्हणून यापुढें सर्वत्र हेंच करावें काय? मला तसें वाटत नाहीं. जुन्या कारागिरांचें भय खोटें नव्हतें. ओळींत चौकटीच्या पुढें बटण असलें, तर मोठें नांव निवडतांच तें बटण उजवीकडे पळतें, प्रसंगीं खालच्या ओळींत उतरतें. आणि तेवढ्यांत बोट टेकलें तर भलतेंच दाबलें जातें. वयस्क माणसाच्या हाताला हें फार जाचतें. एकाखालीं एक दहा चौकटींचा अर्ज असेल, तर त्या सर्वांची उजवी कड एका रेषेंत असलेलीच बरी. तेथें हजेरीपटाचा न्याय खरा. वाक्याच्या पोटांत चौकट असेल, किंवा अरुंद पडद्यावर दोन-तीन निवडी एका ओळींत बसवावयाच्या असतील, तेथें निवडीएवढी चौकट हवी. माझ्या त्या अर्जांत यांतील पहिली रीत चालली असती, दुसरीही चालली असती. जी चालावयास नको होती ती तिसरीच होती: दुसऱ्या भाषेच्या शब्दावरून घेतलेलें पक्कें माप.

नवा नियम सगळ्या ब्राउझरांना एकाच दिवशीं कळला नाहीं, आणि जुने फोन पुष्कळांच्या हातांत आहेत. पण सीएसएसच्या कर्त्यांनीं आरंभींच एक सोय करून ठेवली होती, कीं जी ओळ ब्राउझराला समजत नाहीं ती त्यानें मुकाट्यानें ओलांडून पुढें जावें. म्हणून पान लिहिणारानें ती एक ओळ लिहून ठेवण्यास कांहींच हरकत नाहीं. ज्याला ती कळते तो बीडच्या चौकटीला बीडएवढी करतो. ज्याला कळत नाहीं तो, तिच्याकडे न पाहतां, बीडच्या उजवीकडे छत्रपती संभाजीनगरची जागा पूर्वींप्रमाणेंच मोकळी ठेवतो.